डिझाईन एजन्सीत टीम लीडची ऑफर आलीय, पण इथे माणसं टिकत का नाहीत?

जोडाक्षर (पुणे):

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात विचारलं की "एजन्सी म्हटलं की असंच असतं" एवढंच उत्तर मिळतं, आणि ते मला पटत नाही.

मी मूळची सांगलीची. अप्लाइड आर्टमध्ये बी.एफ.ए. केलं, पुण्यात एका ब्रँडिंग एजन्सीत लागले आणि अजून तिथेच आहे. पंचवीसेक माणसं आहोत. निम्मं काम लोगो आणि पॅकेजिंगचं, निम्मं दर महिन्याच्या सोशल मीडिया पोस्टचं. पगार पोस्टच्या पैशांतून होतात, जीव रमतो तो पॅकेजिंगमध्ये.

आमचे संस्थापक सर फार ताकदीचे डिझायनर आहेत. लेबल स्क्रीनवर बघून पास करायचं नाही. मूळ मापात प्रिंट काढायचं, कापून बाटलीला चिकटवायचं, किराणा दुकानाच्या फळीवर इतर बाटल्यांच्या शेजारी ठेवायचं आणि चार पावलं मागे येऊन बघायचं, हे त्यांनी शिकवलं. हळदीच्या एका पाकिटासाठी ते माझ्याजवळ दुपारभर बसले होते, फक्त दोन अक्षरांमधली जागा कशी ओळखायची ते दाखवायला. कॉलेजात जे हाताला लागलं नव्हतं ते इथे लागलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि तो राहील.

तरीही माझ्या आधीचे जवळजवळ सगळे सोडून गेले. राजीनाम्यात प्रत्येकाने "घरगुती कारण" लिहिलं. त्यातली एक सीनियर माझी मैत्रीण. तिच्या घरी गेले तेव्हा तिने खरं कारण सांगितलं. आदल्या रात्री सरांनी स्वतः पास केलेला लेआउट दुसऱ्या दिवशी क्लायंटला आवडला नाही, तेव्हा सर त्याच मीटिंगमध्ये तिच्याकडे वळून म्हणाले, "हे कोणी केलं?" ती म्हणाली, रात्री जागण्याचं मला काही वाटत नव्हतं, पण त्या एका प्रश्नानंतर सकाळी ऑफिसला जायला पाय उचलेना.

आता दिवाळीचं सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे आधी इंग्रजी लेआउट होतो, तो मंजूर होतो, आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "आता यात मराठी टाका." दिवाळीच्या होर्डिंगचं असंच झालं. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर आला, नांदेडहून नव्याने आलेल्या ज्युनिअरने तो इंग्रजीच्या टेम्प्लेटमध्ये पेस्ट केला. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे देवनागरीची अक्षरं नीट जुळवणारा पर्याय, निवडावा लागतो. तो नसला की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते, रफार सुटतो, जोडाक्षरं फुटतात. "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" या तीन शब्दांत जेवढं बिघडू शकतं तेवढं सगळं बिघडलं आणि होर्डिंग तसंच चढलं. सरांनी क्लायंटला फोनवर सांगितलं, "ज्युनिअरकडून राहून गेलं." तो मुलगा शेजारीच बसला होता. आठवड्याभरात त्याने येणं बंद केलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की मराठी तपासायचं काम आमच्याकडे कुणाचंच नव्हतं. जॉब शीटवर, म्हणजे प्रत्येक कामासोबत फिरणाऱ्या कागदावर, तशी ओळच नाही. जे काम कुणालाच दिलेलं नव्हतं, त्याचा दोष सगळ्यात नव्या मुलाच्या माथी गेला.

आता सरांनी मला सहा जणांच्या टीमची लीड व्हायला सांगितलंय. पगार बऱ्यापैकी वाढेल. ते मनापासून म्हणतात, "आपण सगळे एक कुटुंब आहोत, तू धाकट्यांना सांभाळ." धाकट्यांना सांभाळायला मला नक्कीच आवडेल. पण संध्याकाळी सहाला क्लायंट सर्व्हिसिंगची, म्हणजे क्लायंटशी बोलणी करणारी, मुलगी "थोडेसे चेंजेस आहेत" म्हणत येते, तेव्हा लीड म्हणून माझ्या हातात नक्की काय असणार? हो म्हणण्याआधी सरांना काय विचारू? जे या धंद्यात आहेत त्यांनी कृपया नीट सांगा.

---

क्लायंटच्या_बाजूने:

मी पिंपरीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत मार्केटिंगला आहे. संध्याकाळी सहाला बदल पाठवणारा तो माणूस मीच, असं समजा.

आमच्याकडे दोन एजन्सी आहेत. एकीच्या कोटेशनमध्ये लिहिलंय की बदलांच्या दोन फेऱ्या धरलेल्या आहेत, तिसरीपासून वेगळे पैसे. त्यांना पाठवण्याआधी मी सेल्स, लीगल, आमचे साहेब, सगळ्यांची मतं गोळा करतो आणि एकच मेल करतो. दुसरीच्या कोटेशनमध्ये असं काहीच नाही. त्यांना मी जसजसं सुचतं तसतसं कळवतो, कारण तसं केल्याने माझं काही अडत नाही आणि वरून मला कुणी विचारतही नाही.

तिसऱ्या फेरीचे पैसे लावले म्हणून आम्ही आजवर कुठलीही एजन्सी सोडलेली नाही. एक मात्र सोडली. तिथे सारखा डिझायनर बदलायचा आणि आमच्या लाल रंगाची सगळी कथा दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागायची. तुमच्या सरांपर्यंत हे पोचवता आलं तर जरूर पोचवा.

---

जुना_व्हिज्युअलायझर (दादर):

मी १९८० च्या दशकात मुंबईच्या जाहिरात एजन्सीत व्हिज्युअलायझर, म्हणजे जाहिरातीची मांडणी चितारणारा, म्हणून लागलो. तेव्हाही रात्री व्हायच्या, उगाच जुनं सगळं चांगलं म्हणणार नाही. ओरडणारे आर्ट डायरेक्टर तेव्हाही होते.

पण एक फरक होता. मजकूर टाइपसेटरकडे, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्याकडे जायचा, ब्रोमाइड (फोटोच्या कागदावर उमटवलेला मजकूर) येऊन हातात पडायचे, फिनिशिंग आर्टिस्ट ते कापून बोर्डावर चिकटवायचा. एक ओळ बदलायची म्हटली तर पुन्हा टाइपसेटर, पुन्हा पैसे, पुन्हा अर्धा दिवस. क्लायंटला ते बिल दिसायचं, म्हणून तो आधी विचार करायचा. आता बदल करायला डिझायनरच्या वेळेशिवाय काहीच खर्च होत नाही आणि तो वेळ कुठल्याच बिलावर छापलेला नसतो.

दुसरं तुमच्या मराठीबद्दल. मथळ्याची देवनागरी अक्षरं त्या काळी हाताने काढली जायची. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं लोक लांबून ओळखायचे. र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रातले, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात शिकवायला गेले. विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांनीच घडवला. सांगायचं कारण हे, की अक्षर ही तेव्हा नाव असलेल्या माणसाची जबाबदारी होती आणि त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय आर्टवर्क बाहेर पडत नसे. आज 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेसारखे मुंबईतले लोक 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे देखणे देवनागरी फॉन्ट सगळ्यांना मोफत देतात, साधनांची कमी नाही. तुमच्याकडे माणूस नेमलेला नाही, एवढीच गोष्ट आहे. त्या पोराचं वाचून फार वाईट वाटलं. त्याचा नंबर असेल तर त्याला फोन करा.

---

स्टुडिओमॅनेजर_ताई:

जोडाक्षर, मी मुंबईत आणि मग पुण्यात एजन्सींची स्टुडिओ मॅनेजर होते. कुणाला कोणतं काम, किती तास, कधी बाहेर जाणार, हे माझ्या टेबलावरून ठरायचं. म्हणून मला जे दिसलं तेच सांगते.

एजन्सीचं वातावरण कसं आहे हे बघायचं तर तिचं कोटेशन बघायचं. भिंतीवरची वाक्यं, शुक्रवारचा पिझ्झा, सर किती प्रेमाने बोलतात, हे सगळं नंतर. संध्याकाळी सहाचा बदल सहा वाजता जन्माला येत नाही. कोटेशनवर सही झाली त्या दिवशीच तो ठरलेला असतो.

हिशेब करून बघ. समजा एका क्लायंटला महिन्याला ३० पोस्ट कबूल केल्या. एका पोस्टला २ तास धर, म्हणजे ६० तास. बदलाच्या एका फेरीला अर्धा तास. दोन फेऱ्या झाल्या तर ३० तास वाढले, एकूण ९०. असे दोन क्लायंट सांभाळणारा डिझायनर १८० तासांत महिना काढतो, साधारण वेळेवर घरी जातो. आता फेऱ्यांना मर्यादाच नाही आणि त्या पाच होतात असं धर. एका क्लायंटचे १३५ तास, दोघांचे २७०. वरचे ९० तास कुठून येतात? रात्रीतून आणि रविवारातून. शिवाय प्रत्येक पोस्ट मराठीत, इंग्रजीत आणि तीन वेगळ्या मापांत हवी असेल तर ते यात धरलेलंच नाही. तुझे सर स्वभावाने देवमाणूस असले तरी हे ९० तास कुणाच्या तरी अंगावर पडणारच, आणि जो "नाही" म्हणू शकत नाही त्याच्यावर आधी पडतात.

याच्या जोडीला फुकट पिच. नवं काम मिळावं म्हणून पैसे न घेता आख्खं कॅम्पेन करून दाखवायचं, तेही ठरलेल्या कामांच्या वर. ग्राफिक डिझायनरांची आंतरराष्ट्रीय संघटना इकोग्राडा १९६३ साली सुरू झाली. तिने अशा फुकट कामाविरुद्ध उघड भूमिका घेतली होती, म्हणजे हे दुखणं फक्त आपल्या पुण्याचं नाही. मागच्या वर्षी किती पिच केले, किती जिंकले आणि त्या रात्री कोण बसलं होतं, हे तू विचारच. सरांकडे या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल, तर त्यांनी तो खर्च कधी मोजलेलाच नाही असं समज.

"हे कोणी केलं?" याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तुझी मैत्रीण का गेली हे मला लगेच कळलं. पास केलेलं काम पास करणाऱ्याचं असतं. क्लायंटसमोर फक्त "आम्ही" असतं. आत येऊन दार लावून काय बोलायचं ते बोला. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यातले एक डायरेक्टर फार तापट होते, आत आल्यावर कागद फेकायचे. पण क्लायंटच्या खोलीत त्यांनी कधीही कुणाकडे बोट दाखवून नाव घेतलं नाही. त्यांच्याकडे माणसं वर्षानुवर्षं राहिली. दुसरीकडे गोड बोलणारे एक होते, "बेटा, बेटा" करायचे आणि फोनवर दोष खाली ढकलायचे. तिथे मी दर दोन महिन्यांनी नव्या डिझायनरला सर्व्हरवरचे फोल्डर समजावून सांगत असे. कागद फेकणं चांगलं असं नाही म्हणत मी. तरुण मुलं रागावणं विसरतात, दगा विसरत नाहीत.

मग लीड म्हणून काय मागायचं? माझ्या मते पहिली गोष्ट, क्लायंटशी थेट बोलण्याचा अधिकार. लंडनमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या पेंटाग्राम या डिझाईन कंपनीत मधली क्लायंट सर्व्हिसिंगची फळीच नाही, जो भागीदार डिझाईन करतो तोच क्लायंटसमोर बसतो. पुण्यातल्या पंचवीस माणसांच्या एजन्सीत हे जसंच्या तसं जमणार नाही, पण निदान तुझ्या टीमच्या कामाचा ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते, घेताना आणि बदल ऐकताना तू खोलीत असलीच पाहिजेस. सर्व्हिसिंगच्या मुलीला "हे उद्या दुपारी मिळेल" असं क्लायंटला सांगायचा धीर नसतो, कारण ते काम किती तासांचं आहे हे तिला माहीत नसतं. तुला माहीत आहे. तिच्यावर राग धरू नकोस, तीही तुझ्याइतकीच अडकलेली असते.

तुझ्या टीमच्या कामाचं कोटेशन बाहेर जाण्याआधी तुझ्या डोळ्यांखालून जाणार का, हे विचार. हे नसेल तर लीड हा शब्द फक्त व्हिजिटिंग कार्डावर राहील. दुसऱ्याने कबूल केलेले तास तू सहा मुलांकडून वसूल करत बसशील. आणि जॉब शीटवर मराठी तपासणीची ओळ आजच घाल, त्यासाठी लीड व्हायचीही गरज नाही.

---

हिशेबवही:

मी एचआर आणि पेरोलचं काम बघतो, त्यामुळे कागदांपुरतं बोलतो.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये कामाच्या तासांना मर्यादा आहे, आठवड्याला ४८ तास, आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दराने मोबदला. पण व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसांना यातून वगळता येतं. म्हणजे "लीड" हे पद कागदावर कसं लिहिलंय याला अर्थ आहे. नेमणुकीच्या पत्रात जबाबदाऱ्या आणि अधिकार दोन्ही लिहून घ्या.

दुसरं, पगारवाढ देताना काही एजन्सी माणसाला हळूच पगारावरून "कन्सल्टंट"वर नेतात. हातात जास्त रक्कम दिसते, पण १० टक्के टीडीएस कापला जातो आणि पीएफ, ग्रॅच्युइटी दोन्ही जातात. ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग पाच वर्षांची नोकरी लागते आणि दर वर्षाला १५ दिवसांचा पगार या हिशेबाने ती मिळते. इतकी वर्षं एकाच ठिकाणी काढल्यावर मध्येच ही साखळी तोडू देऊ नका.

---

जोडाक्षर:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा ९० तासांचा हिशेब मी आमच्या खऱ्या आकड्यांवर मांडला आणि तो कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. काय झालं ते सांगते.

मराठी तपासणीचं सर लगेच मान्य झाले. जॉब शीटवर ओळ आली, टेम्प्लेट बदलले, आणि इंग्रजी व मराठी लेआउट एकदमच सुरू करायचे असंही ठरलं. मराठी आधी रचलं तर ओळींची उंची वेलांट्या-उकारांच्या हिशेबाने ठरते आणि इंग्रजी त्यात आरामात बसतं, उलटं केलं की कोंबाकोंबी होते. हे त्यांना सांगितलं तर ते खूश होऊन तिथल्या तिथे कागद-पेन्सिल घेऊन रेघा मारायला लागले. अशा वेळी ते मला फार आवडतात.

बदलांच्या फेऱ्यांवर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जुने क्लायंट तुटतील." मी पिंपरीच्या दादांनी लिहिलेलं सांगितलं. शेवटी नव्या क्लायंटच्या कोटेशनमध्ये दोन फेऱ्यांची अट घालायला तयार झाले, जुन्यांना मात्र हात लावायचा नाही म्हणाले. आमचं रात्रीचं काम बहुतेक जुन्यांचंच असतं, त्यामुळे माझ्या सहा जणांना यातून लगेच काही सुटका नाही. मी तसं स्पष्ट बोलले. हे वर्ष संपल्यावर जुने करार नव्याने करताना मी शेजारी बसेन, एवढं कबूल करून घेतलंय.

दोष कुणावर ढकलण्याबद्दल बोलणं सगळ्यात अवघड गेलं. मी मैत्रिणीचं नाव घेतलं नाही, तिने तसं सांगितलं होतं. होर्डिंगचं मात्र बोलले. म्हटलं, "सर, ते प्रूफ तुमच्याकडेही आलं होतं, तुम्ही ओके लिहिलं होतं. माझ्या टीमचं काही चुकलं तर क्लायंटला माझं नाव सांगा, त्या मुलांचं नको." ते म्हणाले, "मी असं बोललो होतो?" त्यांना खरंच आठवत नव्हतं, हे बघून मला जास्त वाईट वाटलं. त्या मुलाला मी फोन केला होता, काका. तो आता नांदेडलाच एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि बॅनर करतो. परत येणार नाही म्हणाला. तिथे मालक प्रत्येक प्रूफ स्वतः मोठ्याने वाचतो, असं आवर्जून सांगितलं.

मी अजून सही केलेली नाही. पत्राचा मसुदा आलाय. त्यात अधिकार या मथळ्याखाली एकच वाक्य आहे, "व्यवस्थापन वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे." आणि एक कलम असं की इथे केलेलं कोणतंही काम मी पोर्टफोलिओत दाखवू शकत नाही. हे कायद्याने असंच असतं का?

---

हिशेबवही:

कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ सांगतं की नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी. म्हणजे हक्क एजन्सीकडे आणि पुढे करारानुसार क्लायंटकडे. पण कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याकडे गेल्यावरही कृती आपली आहे असं सांगण्याचा कर्त्याचा अधिकार राहतो. फक्त तेवढ्यावर कृती छापून दाखवायची परवानगी आपोआप मिळत नाही, म्हणून ती पत्रातच मागा. "बाजारात प्रसिद्ध झालेलं काम, माझी भूमिका नमूद करून, पोर्टफोलिओत दाखवता येईल" एवढं वाक्य पुरेल. प्रसिद्ध न झालेलं आणि हरलेले पिच वगळा, म्हणजे त्यांना हरकत घ्यायला जागा राहणार नाही.

---

स्टुडिओमॅनेजर_ताई:

आणि "वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे" हे खोडून तिथे दोन गोष्टी लिहून घे: कोटेशन तुझ्या नजरेखालून जाणं आणि ब्रीफच्या मीटिंगला तू असणं. सरांनी तोंडी मान्य केलंय तर लिहून द्यायला अडचण नसावी. सोमवारी विचार, शुक्रवारी संध्याकाळी नको, तेव्हा सगळे दमलेले असतात. काय झालं ते इथे कळव.